कॉन्व्हेंट या शब्दामागच्या बाई

सांगलीहून निघून इस्लामपूर, कराड करीत साताऱ्यापर्यंत गेलात, तर वाटेत ‘कॉन्व्हेंट’ असं लिहिलेल्या किती पाट्या दिसतात ते एकदा मोजून बघा. कुठे त्या शब्दाच्या आधी देवाचं नाव असतं, कुठे एखाद्या पुढाऱ्याच्या आईचं. दारात पिवळ्या गाड्या, मुलांच्या गळ्यात टाय. आत एखादी धर्मभगिनी असेल म्हणाल, तर नाव नको. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी शाळा आणि इंग्रजी शाळा म्हणजे फी. ‘पोरगं कॉन्व्हेंटला घातलंय’ असं एखादा बाप एसटीत शेजाऱ्याला सांगतो, तेव्हा त्याला पोराच्या अभ्यासापेक्षा स्वतःच्या ऐपतीविषयी जास्त सांगायचं असतं.

मूळ शब्द लॅटिन. अर्थ साधा आहे, एकत्र जमणं, मेळा. पुढे धर्मभगिनी जिथे मिळून राहतात त्या घराला हा शब्द लागला. म्हणजे कॉन्व्हेंट ही शाळा नव्हे, ते बायकांचं राहतं घर. शाळा मागाहून त्या घराला लागून उभी राहिली आणि पाहता पाहता घराचंच नाव घेऊन बसली. माझे एक मामू पाचगणीच्या बाजारात शिलाईकाम करीत. शाळेचे गणवेश शिवून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, की मामू, कॉन्व्हेंट म्हणजे काय? ते सुई दातात धरून म्हणाले, ‘बायकांची खानकाह.’ सुफी लोक जिथे एकत्र राहतात ती खानकाह. पुढे बी.ए.पर्यंत शिकलो, शब्दकोश चाळले, पण याहून नेमका अर्थ मला कुठल्या कोशात सापडला नाही.

आज बोलायचं आहे ते या खानकाहीतल्या एका बाईंविषयी. त्या पाचगणीला कधी आल्या नाहीत, हिंदुस्थानही त्यांनी पाहिला नाही. पण साताऱ्याच्या डोंगरावर १८९५ साली मुलींची जी शाळा उभी राहिली, तिचं बीज त्यांच्या घरात होतं.

आधी त्या डोंगराविषयी थोडं. महाबळेश्वर ही इंग्रजांची उन्हाळ्यातली राजधानी. पण मृग लागला की तिथे राहणं मुश्कील, सगळे बाडबिस्तरा घेऊन खाली उतरत. तिथून वीसेक किलोमीटरवर, दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या मधोमध असलेल्या पठारावर मात्र पाऊस निम्म्याहूनही कमी. हवा तीच आणि बाराही महिने राहता येतं. १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाकडे या ठिकाणाची देखरेख आली. त्याने सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडं आणून लावली, आणि पाचगणी वसली. मुंबईची दमट हवा लेकरांना सोसत नाही म्हणून काळजीत पडलेल्या सुखवस्तू आईबापांना हे ठिकाण सापडलं, आणि इथे निवासी शाळा रुजल्या. त्यांतलीच एक सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट. ती काढली ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’, म्हणजे क्रुसाच्या कन्या, या बेल्जियममधल्या धर्मभगिनींच्या संघाने.

हा संघ स्थापन करणाऱ्या बाईंचं नाव झान हाझ. जन्म १७८२, लिएज शहरातला. वडील तिथल्या राजबिशपचे चिटणीस. लिएजमध्ये तेव्हा बिशप हाच राजाही होता, त्यामुळे घर दरबारातलं, खातंपितं. झान सात वर्षांची असताना फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि तिच्या लाटा लिएजवर आदळल्या. राजबिशपचं राज्य गेलं, त्याच्या पदरच्या माणसांना पळावं लागलं. हाझ कुटुंब जर्मनीच्या बाजूला गेलं. वडील तिकडेच, परमुलखात वारले. घरदार गेलं. फाळणीत, रझाकाराच्या दिवसांत, नाहीतर आपल्याकडे १९४८ साली गांधीहत्येनंतर घरं जळाली तेव्हा ज्यांनी एका रात्रीत सगळं गमावलेलं पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

झान आणि तिची बहीण फर्डिनांड या दोघींना संन्यासिनी व्हायचं होतं. पण क्रांतीने मठच बंद पाडले होते आणि घरी विधवा आई होती. आई १८२० साली गेली, तोवर झान अडतीस वर्षांची झालेली. आपल्या हिशेबाने तिचं आयुष्य सरलं, लग्न नाही, मठ नाही, माहेर नाही. १८२४ साली या दोघी बहिणींनी लिएजमधली एक छोटी फी घेणारी शाळा चालवायला घेतली. पोट भरायला दुसरं साधन नव्हतं, हे त्यामागचं साधं कारण. थोर माणसांच्या चरित्रांत पोटाचा भाग झाकून ठेवायची आपली खोड आहे. मला उलट वाटतं, पोटासाठी धरलेल्या कामातच माणूस मुरतो.

त्या वेळचं लिएज डोळ्यांपुढे आणा. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने, शेजारी सेरांग इथे १८१७ पासून कॉकरिलचा लोखंडाचा अजस्र कारखाना. बायका खाणीत उतरत, पोरीही उतरत. शाळा सक्तीची नव्हती. बेल्जियममध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं ते थेट १९१४ साली. जाता जाता सांगतो, आमच्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी ते १९१७ साली केलं. युरोपातला कारखानदार देश आणि पंचगंगेकाठचं एक संस्थान यांच्यात अवघं तीन वर्षांचं अंतर.

१८२९ साली सेंट बार्थोलोम्यू चर्चकडून या बहिणींना विचारणा झाली, गरिबांच्या मुलींसाठी फुकट शाळा काढाल का? देश तेव्हा डच राजाच्या ताब्यात होता आणि त्याच्या सरकारने धर्मसंघांच्या शिकवण्यावर बंधनं घातली होती. या दोघी मात्र अजून कुठल्याच संघात नव्हत्या, साध्या घरात राहणाऱ्या बायका होत्या. त्यांनी शाळा काढली. वाचन, लेखन, शिवणकाम, धर्म. जॉं-गिलोम हाबेट्स नावाचे तरुण धर्मगुरू त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्याच वर्षी बेल्जियम स्वतंत्र झाला, १८३१च्या घटनेने शिक्षण मोकळं केलं, आणि ८ सप्टेंबर १८३३ रोजी या बायकांनी व्रत घेतलं. झान हाझ आता मदर मारी-तेरेझ झाल्या. वय एक्कावन्न. ज्या वयात आमच्या गावाकडे बायका सुनेच्या हाती किल्ल्या देऊन जपमाळ धरतात, त्या वयात यांचं काम सुरू झालं. १८७६ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारल्या तोवर संघाची धुरा त्यांच्याच खांद्यावर होती.

शाळेवर त्या थांबल्या नाहीत. लिएजच्या तुरुंगातल्या बायका, भीक मागणाऱ्या, देहविक्रय सोडू पाहणाऱ्या, रात्री निवारा नसलेल्या अशा सगळ्यांपर्यंत त्यांच्या भगिनी गेल्या. पुढे जर्मनी, इंग्लंड इथेही त्या पोचल्या. आणि १८६२ साली कराची. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती हे आपण विसरतो. सुएझ कालवा खुला व्हायला अजून सात वर्षं होती. ऐंशी वर्षांच्या बाईने आपल्या तरण्याताठ्या मुली असल्या प्रवासाला धाडल्या, परत भेट होणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असताना. कराचीनंतर वांद्रे आणि त्यानंतर पाचगणी.

आता माझ्या मनातला खरा मुद्दा. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण शाळा मोजतो, अमक्या साली पहिली, तमक्या साली दुसरी. मला वाटतं बाई मोजायला हव्यात. मराठीत शिक्षिकेला आपण ‘बाई’च म्हणतो, आणि या शब्दात सगळी गोम आहे. बाई असल्या तर मुलगी शाळेत येते. इमारत नंतरही होते.

माझं गाव कृष्णेकाठी, वाळवा तालुक्यातलं. १९४९ पर्यंत तो सातारा जिल्ह्याचाच भाग. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. आमच्या मोठ्या आपाने सातवीपर्यंत पहिला नंबर सोडला नाही. पुढचं हायस्कूल शेजारच्या गावात होतं, चालत पाऊण तास, पण चालण्याची अडचण नव्हती. तिथे सगळे सर होते, एकही बाई नव्हत्या. अब्बांनी शिक्षणाला नाही म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, ‘बाई आल्या की पाठवतो.’ बाई आल्या, पण दोन वर्षांनी. तोवर आपाचं ठरलं होतं. धाकटी बहीण त्या बाईंच्या हाताखाली शिकली, डी.एड. झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. दोघी एकाच घरच्या, एकाच बुद्धीच्या. मधे फरक फक्त दोन वर्षांचा आणि एका बाईंचा. आपाला अजून बेचाळीसचा पाढा येतो आणि ती तो नातवंडांना म्हणून दाखवते.

हे काही मुसलमान घरापुरतं नव्हतं. आमच्या आळीपलीकडच्या मराठा, माळी, जैन घरांतही उत्तर तेच होतं. आणि तेच उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातही होतं. जोतीरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, पण ती टिकली ती सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या म्हणून. त्या आमच्याच साताऱ्याच्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार या अविवाहित बाई मुलींच्या शाळा चालवत. सावित्रीबाईंच्या अध्यापन शिक्षणाशी त्यांचं नाव जोडलं जातं. १८५६ साली सावित्रीबाई आजारी होऊन माहेरी आल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपण इकडे, त्यामुळे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. एवढ्या एका ओळीत मला शाळेचं अख्खं वेळापत्रक दिसतं. एक बाई रजेवर, दुसरीच्या गळ्यात दोघींचे वर्ग. आजही दोन शिक्षकी शाळेत हेच चालतं.

तर बाई आणायच्या कुठून? सावित्रीबाईंना नवऱ्याची साथ होती. ती साथ किती जणींना मिळणार? नवरा नको म्हणाला की शाळा बंद, पहिलं बाळंतपण आलं की शाळा बंद, बदली झाली की बंद. धर्मभगिनींच्या संघाने या कोड्यावर एक उत्तर काढलं, माझ्या मते जरा कठोरच. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं. यातलं प्रत्येक व्रत शाळेच्या नजरेने बघा. दारिद्र्य म्हणजे पगार स्वतःचा नाही, तो संघात जाणार. ब्रह्मचर्य म्हणजे बाई कुणाची बायको, कुणाची सून नाही, शाळा मध्येच सुटणार नाही. आज्ञापालन म्हणजे लिएजमधून सांगितलं की कराची, कराचीतून सांगितलं की पाचगणी. अशी शिक्षिका कुठल्याच सरकारला परवडली नसती.

आणि याची किंमत बाईने मोजली. आमच्या परंपरेत रहबानियत, म्हणजे संसार सोडून राहणं, मान्य नाही. त्यामुळे लहानपणी मला या बायकांची कीव यायची. आता कीव येत नाही, पण एक गोष्ट खुपते. व्रत घेताना जुन्या रिवाजाने त्यांचं नावही बदलायचं. झानची मारी-तेरेझ झाली. त्या निदान संस्थापिका, म्हणून दोन्ही नावं उरली. त्यांच्यामागून आलेल्या शेकडो जणी नुसत्या ‘सिस्टर’ राहिल्या. पाचगणीच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलींना आपल्या वर्गमैत्रिणींची नावं आडनावांसकट आठवतील. सिस्टरांचं आडनाव काय होतं, असं त्यांना विचारून बघा. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, अनेक संघांनी बाप्तिस्म्याचं नाव ठेवायची मोकळीक दिली. शंभर वर्षं उशीर झाला खरा.

मराठी मुलखात या वाटेचं मोल ओळखणारी एक बाई होती, पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनी कॅथलिक नव्हत्या, इंग्लंडच्या चर्चच्या होत्या, पण राहणी मठाचीच. त्यांनी रमाबाईंना लंडनमध्ये फुलहॅम इथलं, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेलं आश्रयघर दाखवलं. ‘पतित’ म्हणून ज्यांना आपल्याकडे उंबऱ्याबाहेर काढतात, त्यांची सेवा करणाऱ्या बायका पाहून रमाबाई हलल्या, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. तेच काम मदर हाझ लिएजमध्ये पन्नास वर्षांपूर्वी करीत होत्या. रमाबाईंनी तिथलं सगळं उचललं नाही. भगिनींचं आज्ञापालन त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं, त्यावरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून झालेला वाद प्रसिद्ध आहे. पण शारदासदन आणि पुढे केडगावचं मुक्तिसदन पाहा, बायकांनी बायकांसाठी चालवलेलं राहतं घर आणि त्याला लागून शाळा. मामूंच्या भाषेत खानकाहच.

आता उलट बाजू. लिएजमध्ये खाणकामगारांच्या पोरींसाठी फुकट शाळेपासून जे निघालं, ते पाचगणीला पोचलं तेव्हा वर्गात कोण बसलं होतं? सुरुवातीच्या काळात तिथल्या निवासी शाळांत प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि मुंबईच्या सधन घरांतली मुलं होती. खिंगर-गोडवलीच्या पोरी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन त्या फाटकावरून जात. भगिनींच्या बाजूने सांगायचं तर फीच्या शाळेच्या पैशावर दुसरीकडे फुकट शाळा आणि अनाथगृहं चालवायची, हा हिशेब या संघांमध्ये जुना आहे. हाझ बहिणींचाही तोच क्रम होता, आधी १८२४ची फीची शाळा, मग १८२९ची फुकट. हिशेब चुकीचा नाही. पण डोंगरावरून खाली बघणाऱ्याला फक्त फीची शाळा दिसते. म्हणून तर शब्दाला फी चिकटली आणि व्रत गळून पडलं. मूळचे साताऱ्याच्याच कटगुणच्या घराण्यातले जोतीराव १८८२ साली हंटर आयोगापुढे तळमळीने हेच सांगत होते, की शिक्षणाचा पैसा वरच्यांवर खर्च होतो आणि खालच्याला अक्षरओळखही होत नाही.

त्याचं उत्तर मैदानातून आलं. १९१९ साली कराडजवळ काले इथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. तिथेही बाई होत्याच. लक्ष्मीबाईंनी सगळ्या जातींच्या पोरांना स्वतःच्या हाताने रांधून वाढलं, आणि दाणे संपले तेव्हा दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. मदर हाझनी मंगळसूत्र कधी घातलंच नाही, लक्ष्मीबाईंनी घातलेलं काढून दिलं. कोणाचं मोठं, असले हिशेब मी करीत नाही. दोघींच्याही पोरांनी मात्र त्यांना एकाच अर्थाच्या नावाने हाक मारली. तिकडे ‘मदर’, इकडे ‘वहिनी’ आणि ‘आई’.

क्रुसाच्या कन्यांपैकीच एक जर्मन भगिनी, मदर अ‍ॅना ह्युबर्टा रोगेनडॉर्फ, मुंबईच्या सेंट कॅथरिन अनाथगृहात काम करीत. रस्त्यावर टाकलेल्या मुली रोज दाराशी येत. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, त्यांनी इथल्याच मुलींना हाताशी धरून ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा नवा संघ काढला. फीची शाळा नाही, ज्यांना कुणी नाही त्यांच्यापाशी जायचं, एवढंच. म्हणजे लिएजची १८२९ची शाळा शेवटी अंधेरीत येऊन पोचली, इथल्या बोलीत बोलणाऱ्या, साडी नेसणाऱ्या बायकांच्या हातात. मदर अ‍ॅना ह्युबर्टा १९७३ साली वारल्या.

मदर मारी-तेरेझ हाझ यांना २१ एप्रिल १९९१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘धन्य’ घोषित केलं. कॅथलिक रिवाजात संतपदाच्या अलीकडची ही पायरी. मामू तोवर थकले होते, सुईत दोरा ओवायला नातवाला बोलवत. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मग उरूस कधी?’ मी म्हटलं, मामू, त्यांच्यात उरूस नसतो, स्मरणदिन असतो. ते म्हणाले, ‘तेच ते. त्या दिवशी पोरींना सुट्टी देतात का, तेवढं बघ.’